वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड

परकारभाईंना पत्ता विचारला की ते चहा करायला उठायचे.

सौदीत दोन मराठी माणसं भेटली की गावाच्या आधी घराची चौकशी होते. कुठल्या भागात राहता, किती खोल्या, मालक कसा आहे. मालक कसा आहे हा तर आमचा हवापाण्यासारखा विषय. परकारभाई एवढंच म्हणत, "खोबरलाच," आणि किटलीकडे वळत. पुदिना घातलेला चहा हातात येईपर्यंत विचारणारा आपला प्रश्न विसरलेला असे. एखादा चिवट निघालाच, तर ते आवाज खाली आणून सांगत, "ते दाराच्या आतलं हाय." म्हणजे पुढे विचारू नका. पगार, आजारपण, बायकोशी झालेला वाद, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं, हे सगळं त्यांच्या लेखी दाराच्या आतलं. ऑफिसात राहून इतका कमी चौकस असलेला दुसरा मराठी माणूस मी पाहिला नाही. मी स्वतः चौकस आहे, त्यामुळे सुरुवातीला मला त्यांचा रागच यायचा.

ते दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. आमच्या ठेकेदार कंपनीत नकाशे आणि ड्रॉइंग्ज सांभाळण्याचं काम करायचे. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, दाढी नीट कातरलेली. चालताना त्यांच्या पावलांचा आवाज कसा तो यायचा नाही. टेबलाशी येऊन उभे राहिले की माणूस दचकायचा. एकदा माझ्या हातून गरम चहा सांडला तेव्हा मी वैतागून म्हणालो, "परकारभाई, निदान खाकरत तरी या." त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की त्यानंतर माझ्या खोलीत येताना प्रत्येक वेळी बाहेर थांबून खाकरायचे, दार सताड उघडं असलं तरी.

त्यांच्या पत्नी जुबेदाभाभी अगदी उलट. त्या बोलायला लागल्या की समुद्राकडचे लोक मान वळवून बघत. समुद्राकडचे म्हणायचं कारण असं, की परकारभाईंनी आम्हाला कधी घरी बोलावलं नाही. जेवू घालायचं तर कॉर्निशवर, समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, चटई अंथरायची. भाभी डबे उघडता उघडता एकीकडे नवऱ्याला, एकीकडे सलमाला आणि मधेच माझ्या बायकोला काहीतरी सांगत असायच्या. सलमा त्यांची एकुलती एक मुलगी, इंडियन स्कूलमध्ये. आई कोकणी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि परकारभाई दोघींच्या मधे बसून खजुराच्या बिया काढत राहायचे. मला तो माणूस तेव्हा फार सुखी वाटायचा. आणि तो होताही.

मग कंपनीत घरभाडे भत्त्याचा नवा नियम आला. ते काम माझ्याकडेच असतं. आधी मालकाची साधी पावती चालायची. आता सरकारच्या ऑनलाइन नोंदणीतला भाडेकरार हवा, त्यावर मालकाचं नाव, ओळख क्रमांक, घराची मालकी, सगळं. करार नसेल तर भत्ता बंद आणि कंपनीच्या कॅम्पमध्ये एकट्याची खोली. बाकीच्यांनी कुरकुर केली आणि करार आणून दिले. परकारभाई आले नाहीत. मी दोनदा निरोप धाडला. शेवटी दाराबाहेर खाकरण्याचा आवाज आला. आत येऊन ते म्हणाले, "माझा करार येणार नाय, साठे. तुम्ही तुमचं काय असेल ते लिहून टाका."

मी म्हणालो, अहो, भत्ता बंद झाला तर फॅमिली ठेवणं परवडणार आहे का? इकाम्याची म्हणजे राहण्याच्या परवान्याची फी, शाळेची फी, हे सगळं त्यातूनच जातं ना? त्यांनी मान हलवली. मालक करार करून देत नाही का, असं विचारल्यावर ते किटलीकडे बघायला लागले. पण किटली माझ्या खोलीत नव्हती. तेव्हा म्हणाले, उतरत्या दुपारच्या, असरच्या नमाजानंतर कॉर्निशवर या, तिथे सांगतो.

त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांनी दाराच्या आतलं मला सांगितलं.

आमच्या कंपनीत येण्याआधी ते खोबरमधल्या एका सौदी गृहस्थाच्या स्पेअर पार्ट्‌सच्या दुकानात होते. गृहस्थाला मूलबाळ नव्हतं. जुबेदाभाभी इकडे आल्या तेव्हा त्याने आपल्याच घराचा वरचा मजला यांना भाड्याने दिला. पुढे तो आजारी पडला, त्याला दवाखान्यात आणणं-नेणं परकारभाईंनी केलं आणि एक दिवस तो गेला. खाली त्याची विधवा एकटी उरली. परकारभाई तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. घर तिच्या नवऱ्याच्या आणि त्याच्या भावांच्या सामाईक नावावर होतं. दिरांचं म्हणणं पडलं की एकट्या बाईला एवढं घर कशाला, ते विकू आणि वहिनी आमच्याकडे राहील. त्यांच्या घरी म्हणजे मागच्या एका खोलीत. तेव्हा खालांनी दिरांना सांगितलं की वर जे हिंदी कुटुंब आहे ते तुमच्या भावाने फुकट ठेवलंय, त्यांना कधी उठवू नका असं तो मरताना सांगून गेलाय. मेलेल्या भावाने ठेवलेल्या पाहुण्यांना हाकलायचं कसं? दीर गप्प बसले. भाडं मात्र दर महिन्याला गुपचूप खालांकडे जात होतं. त्यावरच त्यांचं चाललं होतं.

"करार नोंदला की तिच्या दिरांना मोबाइलवर मेसेज जाणार," परकारभाई म्हणाले. "म्हणजे पाहुणा नाय, भाडेकरू. खलास."

मग दुसरीकडे फ्लॅट घ्या, मी म्हणालो. ते म्हणाले, मी निघालो की वरचा मजला रिकामा. मग तर दिरांना निमित्तच मिळेल. एखाद्या दलालाकडून भलत्याच घराचा करार करून घ्या, असं ऑफिसातले लोक सुचवत होते, काहीजण करतातही. ते त्यांना नको होतं. कागदावर बिऱ्हाड तिसरीकडे आणि माणसं विधवेच्या घरात, उद्या काही झालं तर तिलाच कुणी काही विचारेल, म्हणाले. मला त्यांचं म्हणणं पटत होतं आणि चीडही येत होती. त्या बाईसाठी स्वतःची बायकोमुलगी परत पाठवायची हा कुठला न्याय? मी तसं बोललोही. ते म्हणाले, "मी नाय ठरवलं. जुबेदाने ठरवलं."

भाभींचं आणि खालांचं नातं काय होतं ते मला तेव्हा थोडं कळलं. परकारभाईंनी खालांचा चेहरा एवढ्या वर्षांत पाहिलेला नव्हता. त्यांच्यासाठी खाला म्हणजे अर्धवट उघड्या दारामागचा आवाज. भाभी मात्र रोज खाली जायच्या. सलमा तापाने फणफणली तेव्हा तिला मांडीवर घेऊन खालाच बसून राहिल्या होत्या. भाभींच्या हातची सांदणं त्यांना आवडायची, आणि दोघींना एकमेकींची भाषा धड येत नसताना तासन्‌तास गप्पा चालायच्या. सलमाची परीक्षा संपली तशी भाभींनी सामान बांधलं. दमामच्या विमानतळावर मीच त्यांना सोडायला गेलो. सलमा बॅग ओढत सरळ आत निघून गेली. भाभी आत जाईपर्यंत मोठ्याने सूचना देत होत्या आणि परकारभाई प्रत्येक सूचनेला मान हलवत होते.

मी धरून चाललो होतो की आता ते कॅम्पमध्ये येतील. फॅमिलीच्या वस्तीत एकट्या पुरुषाला कुणी राहू देत नाही, आणि एकट्या विधवेच्या वर तर नाहीच नाही. पण त्यांनी कॅम्पची खोली घेतली ती नावापुरती. संध्याकाळी ऑफिस सुटलं की त्यांची गाडी खोबरच्याच रस्त्याला लागायची.

काही महिन्यांनी त्यांना ताप आला, दोन दिवस कामावर आले नाहीत. मी चौकशीला फोन केला तर आवाज खोल गेलेला. औषध आणि फळं घेऊन शुक्रवारी दुपारी मी निघालो. पत्ता त्यांना नाइलाजाने द्यावा लागला. जुन्या वस्तीतली शांत गल्ली, उंच भिंत, बाजूने वर जाणारा जिना. फोनवर त्यांनी बजावलं होतं की जिन्यात बोलू नका, बूट हातात घ्या. तसा चढलो. दारापाशी बायकी चपलांचे दोन जोड होते. एक भाभींच्या मापाचा, एक सलमाच्या. मला वाटलं, आजारपणाचं कळून आल्या वाटतं दोघी. तेवढ्यात आतून भाभींचा आवाज आला, "सलमा, परदा ओढ गो, ऊन येतंय."

मी दार लोटून आत गेलो आणि हसत म्हणालो, "भाभी, कधी आलात?"

कुणी नव्हतं. परकारभाई शाल गुंडाळून खाटेवर बसले होते आणि तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगत होते. भाभी स्वयंपाकघरात बोलत होत्या. भांडं ठेवल्याचा आवाज आला, नळ वाजला. मी आत जाऊन पाहिलं. खिडकीच्या कट्ट्यावर एक जुना फोन चार्जरला लावलेला आणि त्याच्याजवळ छोटा स्पीकर. खिडकी दोन्ही मजल्यांना सामाईक अशा चिंचोळ्या मोकळ्या जागेत उघडत होती, खाली खालांचं स्वयंपाकघर. भाभी कुणाला तरी सांगत होत्या की मीठ कमी पडलंय. मी फळांची पिशवी तिथेच ठेवली आणि बाहेर येऊन बसलो.

त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की हे मुद्दाम नव्हतं केलेलं. भाभी गेल्यावर रोज व्हॉट्सॲपवर लांबलचक निरोप बोलून पाठवायच्या. काम करता करताच बोलायच्या, तशी सवयच त्यांना. परकारभाई ते भात टाकता टाकता मोठ्याने ऐकायचे. एक दिवस खालांनी दारामागून विचारलं, "उम्म सलमाचा घसा बरा आहे ना आता?" सलमाची आई म्हणून त्या भाभींना तसंच हाक मारायच्या. परकारभाईंच्या लक्षात आलं की भाभी गेल्याचं यांना माहीतच नाही. भाभींना खालांचा निरोप घेण्याचा धीर झाला नव्हता; त्या न सांगताच निघाल्या होत्या. मग परकारभाईंनीही सांगितलं नाही. सांगितलं तर खालांना त्यांना घालवावं लागलं असतं. रोज खाली येणाऱ्या भाभी आता का येत नाहीत, हे खालांनी मात्र एकदाही विचारलं नाही.

"अल्हमदुलिल्ला, बरी आहे, असं म्हणालो," ते म्हणाले. "खोटं काय त्यात?"

चपलांची कल्पना त्यांच्या गावची. तिथे घराघरातले बापये मुंबईला नाहीतर आखातात. संध्याकाळ झाली की बाया दाराबाहेर पुरुषाच्या चपला काढून ठेवायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं घरात माणूस आहे. त्यांच्या आईने वडिलांचा एक जोड वर्षानुवर्षं तसा ठेवला होता, रोज थोडा हलवून, कधी उजवी पुढे, कधी डावी. हे सांगताना ते हसले. ताप असूनही उठून दारात गेले आणि सलमाची एक चप्पल पायाने जरा तिरकी करून आले.

पुढे त्यात भाभीही सामील झाल्या. झालं असं की एका निरोपात मागे कोंबडा आरवला. दुसऱ्या दिवशी खालांनी विचारलं, वर कोंबडा पाळलाय का? परकारभाई घाबरून हो म्हणाले, उम्म सलमाला हौस आहे. मग तो कोंबडा कधी आरवतो, कधी नाही, याची चौकशी सुरू झाली. शेवटी त्यांना कोंबडा कापावा लागला, म्हणजे तसं सांगावं लागलं, आणि खालांनी वाटा कसा पाठवला नाही म्हणून लटका राग धरला. त्यानंतर भाभी गावच्या घराची दारंखिडक्या लावून घेऊन खास खोबरसाठी बोलायला लागल्या. गॅस बंद केला का, पडदा ओढ, खालांकडे वाटी देऊन ये. इकडच्या घराचं सगळं त्या तिकडे बसून बोलत होत्या. सलमाने आधी नकार दिला. मग तिनेही धडे मोठ्याने वाचून पाठवले. ठरलेल्या वेळी फोन आपोआप वाजावा याची सोयही तिनेच सांगून करून घेतली.

मी हे बायकोला सांगितलं तेव्हा तिला हसूच आलं.

मला खरी काळजी वाटायला लागली ती त्यानंतर. ऑफिसात ते "घरी सांगून येतो" म्हणायला लागले. मी अधूनमधून त्यांच्याकडे जायचो, तेव्हा ते स्पीकरमधल्या भाभींना उत्तरं देताना दिसायचे. भाभी विचारायच्या, औषध घेतलंत का? हे घेतलं म्हणायचे. मधे थांबायला भाभींनी जागा ठेवलेली असायची, तेवढ्यात यांचं उत्तर बरोबर बसायचं. खऱ्या भाभींचा फोन आला की मात्र फार बोलणं होत नसे. तिकडे सलमाचं कॉलेज सुरू झालं होतं, सासूबाईंचं दुखणं होतं, नव्या ओळखी होत्या. फोनवरच्या भाभी दमलेल्या असायच्या. खिडकीतल्या भाभी अजून त्या घरात राहत होत्या. मी एकदा न राहवून म्हटलं, परकारभाई, हे बरं नाही, तुमच्या डोक्यावर परिणाम होईल. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "मला माहीत हाय हो ती इथं नाय," ते म्हणाले. "पण ती विचारते तर उत्तर नको द्यायला?"

मी माझा चहा संपवला.

गेल्या हिवाळ्यात कंपनीने त्यांची बदली अल खफजीला केली, कुवेतच्या हद्दीजवळ, समुद्रातल्या तेलाच्या कामावर. तिथून रोज जाऊन-येऊन राहणं शक्य नव्हतं. नकार दिला तर इकामाच संपला असता. त्यांनी खालांना दारामागून सांगितलं की कामासाठी दूर जावं लागतंय. बायकोमुलगी इथेच राहणार आहेत की नाही, हे खालांनी विचारलं नाही आणि यांनीही सांगितलं नाही.

सामान थोडंच होतं. मी गाडी घेऊन गेलो होतो, त्यांना खफजीपर्यंत सोडणार होतो. दुपार उतरत होती. खोके खाली नेऊन झाले. परकारभाई स्वयंपाकघरात गेले, चार्जर काढला, फोन आणि स्पीकर एका पिशवीत घातला. जिना उतरून आम्ही खालच्या दारासमोरून जात होतो. दार हातभर उघडं होतं, आत अंधार. परकारभाई थांबले, जमिनीकडे बघत म्हणाले की खाला, भाडं पूर्वीसारखंच येत राहील, काळजी करू नका.

मग तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, म्हातारा, पण ठाम.

"कितीही हळू टाकलीस तरी पावलं एकाचीच होती, बेटा," खाला म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. मी काही बहिरी नाही."

माझी नजर जमिनीला खिळली होती. एवढे महिने ती बाई वर एकटा पुरुष राहतो हे जाणून गप्प राहिली होती. दिरांना कळतं तर तिचं घर तर गेलंच असतं, नावही गेलं असतं. कोंबड्याबद्दल विचारताना ती यांना सावध करत होती, हे मला त्या क्षणी कळलं.

"तिचा आवाज नेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "दिरांसाठी म्हणून नाही. मला जेवताना सवय झाली आहे."

परकारभाईंनी खिशातून दुसरा फोन काढला आणि तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसून, भाभींना लावला. खाला काय म्हणाल्या ते सांगितलं, आणि विचारलं, तुझा आवाज आहे, तू सांग, ठेवू का. मग भाभींचा आवाज आला, फोन कानाशी असूनही मला ऐकू जाईल एवढा.

"ठेवा. मना नाय ऱ्हायला मिळालं तिथं, माजा आवाज तरी ऱ्हाव दे."

ते उठले आणि पुन्हा वर गेले. मी गाडीत बसून राहिलो. बऱ्याच वेळाने खाली आले ते रिकाम्या हाताने. खालांचं दार तोवर लागलं होतं. ते गाडीशी आले, दाराला हात लावला, आणि वरच्या खिडकीतून भाभी बोलायला लागल्या. गल्लीत कुणी नव्हतं. भाभी म्हणत होत्या, अवो, लवकर या, जेवण थंड होतंय.

परकारभाईंनी वर पाहिलं.

"तुम्ही जेवून घ्या," ते म्हणाले, आणि गाडीत बसले.